नरतुरंगातले हिरवे तारे

आमच्या कर्जतच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक मोठा फोटो टांगलेला आहे. काळ्या आकाशावर ताऱ्यांचा गोल घोस, मधे दाट आणि कडेला विरळ होत गेलेला. वरचे तारे केशरी, मधले पांढरे, खालचे हिरवे. स्वातंत्र्याच्या दिवशी त्याचं अनावरण झालं. गेली दोन वर्षं शाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी तो दाखवतात आणि पाहुणे त्याला हात जोडतात.

तो फोटो खोटा आहे. घोस खरा आहे, प्रत्येक ठिपका आपल्या जागी आहे, पण रंग खोटे आहेत. आकाशात हिरवा तारा दिसत नाही. मला हे ठाऊक आहे, कारण त्याच काचेच्या प्लेटवरून काढलेला खऱ्या रंगांचा फोटो माझ्या ट्रंकेत आहे आणि तो मी रंगवला आहे. शाळेत हे मी दोनदा बोलले. पहिल्यांदा सगळे हसले, दुसऱ्यांदा मुख्याध्यापकांनी मला चहा दिला आणि घड्याळाकडे बघितलं. आता लिहिते.

माझ्या वडिलांचा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ आहे. लग्न जमवायला लागणारे मुलींचे फोटो, हा त्या धंद्याचा कणा. फोटो निघायचा काळा-पांढरा, मग ज्याला हवा असेल त्याला बाबा हाताने रंग भरून द्यायचे. हे काम मी लहानपणीच शिकले. काडीला कापूस गुंडाळायचा, पातळ रंगात बुडवायचा, टिपकागदाला टेकवायचा आणि मगच फोटोवर फिरवायचा. बाबांचा एक नियम होता. कातडी असेल त्याहून उजळ रंगवायची. सावळी असेल तिला गव्हाळ करायची, गव्हाळ असेल तिला गोरी.

"आणि मुळात गोरी असेल ती?" मी एकदा विचारलं.

"तिला फोटो लागतोच कशाला? तिला लोक घरी येऊन बघून जातात."

"मग ही सावळी बघायला आले की कळणार नाही?"

"तेव्हा कंदिलाची वात बारीक ठेवतात," बाबा म्हणाले. "तू रंग भर."

मी भरायचे आणि मनात धुमसायचे. कारण मी वाढले पत्रकांवर. माझा मामा आमच्याकडे राहायचा आणि माळ्यावर रात्रंदिवस पत्रकं काढायचा. पाटीवर अक्षरं गिरवली तरी वाचायला मी शिकले ते त्या शाईने हात काळे करणाऱ्या कागदांवर. 'साम्राज्यशाही' हा शब्द मला 'साबुदाणा'च्या आधी लिहिता आला. बेचाळीस साली मी शाळकरी होते, तेव्हा स्टुडिओच्या फोटोच्या पाकिटांत पत्रकं घालून घरोघर पोचवायचे. वर नवरीचा फोटो, खाली 'चले जाव'. मामा सांगायचा की लोकांपुढे खरं ठेवलं की पुरे, बाकीचं लोक करतात. माझा त्यावर, दुसऱ्या कोणाचा देवावर असेल तितका विश्वास होता.

लढाई संपली त्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. मुंबईच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. बॉम्ब पडतील या भीतीने मुंबई सोडून ते कर्जतजवळच्या कडाव गावी येऊन राहिले आणि बॉम्ब पडले नाहीत तरी परत गेले नाहीत. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. येताना त्यांनी एक सहा इंची आरशाची दुर्बीण आणली होती. कडावच्या लोकांनी ती आधी तोफ समजून पाटलांना कळवली होती, ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगत.

त्यांनी माझ्यासमोर एक फोटो ठेवला. काळ्यावर पांढरे ठिपके, दुसरं काही नाही.

"तू रंग भरतेस ना? मग भर याच्यात."

मी निळ्या रंगात काडी बुडवली.

"निळा का?" त्यांनी विचारलं.

"तारे निळसरच असतात ना?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. छान दिसेल म्हणून."

त्यांनी माझ्या हातातली काडी काढून घेतली आणि टिपकागदावर ठेवली. "कोणी सांगितलं नसेल तर लावू नकोस. ताऱ्याला विचार, तो सांगेल. सांगितलं की लाव."

बाबा आतून हसले. मी हसले नाही. आमच्या दुकानात असं वाक्य त्याआधी कोणी उच्चारलं नव्हतं. मामाची सगळी पत्रकं त्या एका वाक्यात बसली असं मला वाटलं, आणि मी त्या दिवसापासून मास्तरांची झाले.

त्यांच्या मनात काय होतं ते आधी सांगते. वैशाख-ज्येष्ठात, जेवणं उरकायच्या सुमारास, दक्षिणेला नरतुरंग नावाचं नक्षत्र डोंगरांच्या जरा वर येतं. त्यात नुसत्या डोळ्यांना एक पुसट तारा दिसतो. तो तारा नव्हे, हजारो-लाखो ताऱ्यांचा घोस आहे. मास्तरांना त्याचा खऱ्या रंगांतला फोटो हवा होता. आमच्या शाळेत तो लागावा, शेजारी ती दुर्बीण ठेवायला एक खोली मिळावी, आणि मुलांनी आधी फोटो बघून मग दुर्बिणीतून तो घोस बघावा आणि ताडून घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ताडून घ्यावं, हा त्यांचा शब्द. स्वतःची मुलं त्यांना नव्हती. बायको मुंबईतच वारली होती.

रंगीत फोटो काढायचं साधन आमच्याकडे नव्हतं. म्हणून ताऱ्याला विचारायची त्यांची पद्धत अशी. एकाच घोसाचे दोन फोटो काढायचे. एक साध्या काचेच्या प्लेटवर, जिला निळा उजेड तेवढा चांगला कळतो. दुसरा, सगळे रंग कळणाऱ्या प्लेटवर, पण पुढे पिवळी काच लावून. निळा तारा पहिल्या प्लेटवर मोठा ठिपका उठवतो, दुसरीवर लहान. तांबडा तारा उलट करतो. दोन्ही प्लेटा भिंगाखाली धरून एकेका ठिपक्याची जाडी ताडायची, तसा रंग ठरवायचा, आणि मोठ्या केलेल्या फोटोवर तो हाताने लावायचा. आमच्या दुकानातलंच काम, फक्त उजळ करायचं नाही.

माझी आत्या कडावला, मास्तरांच्या वाडीला लागूनच राहायची, म्हणून मला जायला मुभा मिळाली. प्लेटवर उजेड पडत असेतो आकाश फिरतं, त्याबरोबर दुर्बीण फिरवत ठेवावी लागते. ते काम माझं. दुर्बिणीच्या पाठीवर एक लहान दुर्बीण बांधलेली होती. तिच्यातल्या दोन तारांच्या फुलीवर एक तारा धरून ठेवायचा आणि तो सुटू लागला की पितळी खुंटी किंचित वळवायची. मान मोडून यायची. आत्या ओट्यावरून ओरडायची, "अगं, लग्नाच्या वयाची मुलगी, मान वाकडी राहिली तर तुझा बाप फोटोत सरळ करील, पण मांडवात काय करणार?"

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात काढलेल्या प्लेटा वाया गेल्या. घोस उठला होता, पण ताडून बघितलं तर सगळे तारे तांबडे. एकही पांढरा नाही. मी आनंदाने रंग कालवायला घेतले, तर मास्तरांनी थांबवलं. त्याच रात्री, घोसाच्याच उंचीवर असलेल्या एका ठळक ताऱ्याचाही आम्ही दोन्ही प्लेटांवर फोटो घेतला होता. तो पांढरा आहे हे जगाला ठाऊक आहे. मास्तर त्याला साक्षीदार म्हणायचे. आमच्या प्लेटांवर साक्षीदार नारिंगी निघाला होता.

"साक्षीदार खोटं बोलतोय," मी म्हणाले.

"तो नाही बोलत. मधलं कोणीतरी बोलतंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं.

बाहेर राब जळत होते. आमच्याकडे भाताचं रोप करायची जागा आधी भाजून काढतात. झाडाच्या फांद्या तोडून, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर पसरायचे, वर माती टाकायची आणि पावसाआधी पेटवायचं. तो राब. भडकत नाही, धुमसतो. सगळ्या खाचरांतून एकदमच धूर निघतो आणि संध्याकाळी वारा पडला की कडावपासून डोंगरांपर्यंत जमिनीलगत पसरून राहतो. लहानपणापासून त्या वासाने मला वैशाख कळायचा. तो धूर आकाशाची खालची कड तांबडी करतो हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. आणि आमचा घोस नेमका त्याच कडेला होता.

मास्तर वर्षभर थांबले. पुढच्या वैशाखात अमावास्या जवळ आली तेव्हा आम्ही दोघं शेतकऱ्यांकडे गेलो. मास्तरांच्या घराच्या दक्षिणेची बरीच खाचरं एका भावकीची होती आणि भावकीत शब्द चालायचा एका दादाचा. दणकट, मिशाळ, पन्नाशीचा माणूस. बेचाळीस साली माझ्या हातचं पत्रक त्याने शेजाऱ्याकडून वाचून घेतलं होतं आणि मग शेजाऱ्यालाच धाक घातला होता, की पुढचं वाचून दाखवलं नाहीस तर बैल देणार नाय. मला तो ओळखून होता.

"अमावास्येच्या आधीचे तीन दिवस राब पेटवू नका," मी म्हणाले.

"का गं? पोलीस येनार हायत काय परत?"

"नाही. धुराने ताऱ्यांचे रंग बिघडतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मास्तरांकडे. मग घरात तोंड करून म्हणाला, "आयकलंस काय गं? आपल्या राबानं तारं काळं पडत्यात म्हनं."

आतून त्याची बायको म्हणाली, "तारं पडू दे काळं. माझी भांडी पडलीत त्यांचं बघा."

मास्तरांनी शांतपणे सगळं समजावलं. दादा ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, तुमी सांगता त्ये खरं आसंल. पन वळीव आला तर? भिजला राब परत पेटत नाय. रोप कुठनं काढू?"

मास्तर आकाशाकडे बघू लागले. मी मात्र पत्रकांवर वाढलेली. मी म्हणाले, "दादा, आजवर आपल्या आकाशाचे फोटोही साहेबाने काढले आणि रंगही साहेबाने सांगितले. हा पहिला फोटो कडावातून निघेल. तो शाळेत लागेल. खरा. तुमच्या नातवाला दाखवता येईल."

"आमी थांबलो म्हनून खरा?"

"तुम्ही थांबलात म्हणून."

त्याने तंबाखू मळली, दाढेखाली धरली. "बरं," म्हणाला, "नाय पेटवत."

भावकीत कुरबुर झाली, पण तिन्ही संध्याकाळी एकाही खाचरातून धूर निघाला नाही. पहिल्या दोन दिवशी ढग आले. तिसऱ्या दिवशी दक्षिण अशी धुतल्यासारखी निघाली की डोंगराच्या कडेवरचं झाड न् झाड मोजता यावं. अंधार पडल्यावर दादा सगळं गोत घेऊन दुर्बिणीपाशी आला. रांग लागली. त्याच्या बायकोने डोळा लावला, खूप वेळ लावला, आणि म्हणाली, "आगं बाय, कनी सांडल्यागत हाय की." तांदळाची कणी. त्याहून चांगली उपमा मी आजवर ऐकलेली नाही. मग सगळे घरी गेले, आम्ही दोन्ही प्लेटा घेतल्या, साक्षीदाराच्याही घेतल्या. मी खुंटीवरचा हात एकदाही चुकू दिला नाही.

प्लेटा धुताना बाबांनी मदत केली, हे सांगायला हवं. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं आणि प्लेटवरचा थर त्यात सुटून येतो. बाबांनी माठ भरून रात्रभर वाळ्याच्या पडद्याआड ठेवला आणि पहाटे त्या गार पाण्यात स्वतःच्या हाताने प्लेटा धुतल्या. काळ्या खोलीतून बाहेर येताना त्यांचा चेहरा मुलगा झाल्यासारखा होता. साक्षीदार पांढरा निघाला.

चार-पाच दिवसांनी वळीव आला. दादाचा अर्धा राब भिजला. त्याने निरोप पाठवला नाही, कोणी बोललंही नाही, पण पुढे लावणीच्या वेळी त्याला पोशीरच्या सोयऱ्याकडून रोप आणावं लागलं हे आत्याने सांगितलं.

आषाढभर मी आणि मास्तर भिंगाखाली ठिपके ताडत बसलो. पाऊस कोसळत होता, प्लेटांना बुरशी लागू नये म्हणून आत्याच्या चुलीजवळ तांदळाच्या डब्यात ठेवत होतो. जे निघालं त्याने मी चकित झाले. घोसातले सगळ्यांत ठळक तारे तांबूस, पिकल्या सुपारीच्या रंगाचे. त्यांच्याहून मंद असलेले बरेचसे फिकट पिवळे. आणि त्यांच्यात पेरल्यासारखे थोडे निळसर पांढरे. कुठेही भडक काही नाही. बहुतेक ठिकाणी रंग इतका कमी होता की काडी टिपकागदावर दोनदा टेकवून मग लावावी लागे. पुरा झाल्यावर मी तो बाबांना दाखवला.

"हळदीचा हात लागलेली कणी," बाबा म्हणाले. "एवढ्यासाठी दोन उन्हाळे?"

"हो," मी म्हणाले, "एवढ्यासाठी."

मास्तर फोटोसमोर बसून राहिले. मग म्हणाले, "आता शाळेकडे जातो."

शाळेच्या समितीचे अध्यक्ष खालापूरचे लाकडाचे व्यापारी होते. बेचाळीस साली त्यांच्या हातात पत्रक दिलं की ते विस्तव दिल्यासारखं खाली टाकायचे. त्या पावसाळ्यात त्यांनी पांढरी टोपी शिवून घेतली. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. टोपी आमच्याच दुकानात फोटो काढताना पहिल्यांदा घातली होती आणि घडीची रेघ फोटोत दिसू नये म्हणून बाबांनी ती पुसली होती.

मास्तरांचा फोटो त्यांनी बघितला आणि दोन दिवसांनी दुकानात आले.

"पोरी, काम झकास आहे. पंधरा ऑगस्टला शाळेत याचंच अनावरण करू. फक्त जरा रंगाचं बघ."

"रंगाचं काय?"

"फिका आहे. आजारी माणसासारखा दिसतो. वर केशरी लाव, मधे पांढरा असू दे, खाली हिरवा. काय दिसेल! आकाशातसुद्धा आपला झेंडा."

"हिरवा तारा नसतो."

"असं तुला वाटतं."

"वाटत नाही, ताडून बघितलंय. तुम्ही सांगाल त्या रंगाचे तारे मी लावणार नाही."

ते हसले. "अगं, झेंड्याला नाही म्हणतेस? तू? बेचाळीसची पत्रकवाली?"

"त्याच झेंड्यासाठी नाही म्हणते. तुम्हाला तेव्हा तो हातात धरवत नव्हता, म्हणून आता ताऱ्यांना धरायला लावताय."

बाबा मधे पडले. अध्यक्ष न रागावता बाबांना म्हणाले, "मुलगी बोलते छान. सभेत बोलवू." आणि तिथून उठून ते कडावला गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले ते छत्री न मिटताच आत आले. छत्रीचं पाणी काउंटरवर गळत होतं. मी त्यांच्याकडे बघून समजले, तरी विचारलं.

"खोली देतो म्हणालेत," ते म्हणाले. "गच्चीला लागून. दुर्बिणीला छप्पर सरकतं करून देणार. पुढच्या उन्हाळ्याच्या आत. मुलं स्वतः बघतील. एकदा दुर्बीण तिथे गेली की भिंतीवर काय आहे त्याचं काय एवढं? बघतील, ताडतील, त्यांचं त्यांना कळेल."

"तोवर?"

"तोवर तीन रंग."

"मास्तर, तुम्हीच म्हणाला होतात. कोणी सांगितलं नसेल तर लावू नकोस."

त्यांनी छत्री मिटली. माझ्याकडे बघितलं नाही. "आता सांगितलंय," म्हणाले.

मी काडी खाली ठेवली. मी तो फोटो रंगवला नाही. बाबांनी रंगवला. नवी प्रत काढून, एका रात्रीत, आणि इतका सुंदर रंगवला की मला ते मान्य करावं लागतं. केशरीतून पांढऱ्यात आणि पांढऱ्यातून हिरव्यात रंग कुठे बदलतो ते कळत नाही. जन्मभर सावळ्या मुली गोऱ्या केलेला हात होता तो. काम झाल्यावर बाबा म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस? तारे कुठे तक्रार घेऊन येणार आहेत?"

पंधरा ऑगस्टला मी शाळेत गेले. का गेले, ते माझं मलाच सांगता येत नाही. पावसाने उसंत घेतली होती. झेंडा चढला तेव्हा माझेही डोळे भरले. मामाने, मी, कितीतरी जणांनी तो दिवस यावा म्हणून रात्री जागवल्या होत्या. मग पडदा ओढला गेला. टाळ्या. कडावहून दादा भावकीसकट आला होता, नातवाला खांद्यावर घेऊन. तो गर्दीतून माझ्यापर्यंत आला. त्याचा चेहरा उजळून निघाला होता.

"पोरी, बगितलंस? वरबी आपलाच झेंडा! आन् आमी राब थांबवला म्हनून दिसला!"

मी त्याला काय सांगणार होते? नातू हिरव्या ताऱ्यांकडे बोट दाखवत होता. मी म्हणाले, "हो, दादा." एवढंच बोलले. लाऊडस्पीकरवरून अध्यक्ष सांगत होते की हे तारे पारतंत्र्याच्या अंधारात आपली वाट बघत होते.

खोली झाली नाही. पहिल्या वर्षी सिमेंट मिळत नव्हतं, दुसऱ्या वर्षी शाळेला संडास अधिक गरजेचे होते. दुर्बीण मात्र मास्तरांनी विश्वासाने आधीच नेऊन दिली होती. ती शाळेच्या कपाटात आहे, आरशाला गवसणी घालून. किल्ली अध्यक्षांकडे असते आणि अध्यक्ष खालापूरला असतात. मास्तर आठवड्यातून एकदा कडावहून येतात आणि फुकट तास घेतात. गेल्या हिवाळ्यात मी बाबांच्या एका कामासाठी शाळेत गेले होते, तेव्हा ते त्या फोटोसमोर मुलांना घेऊन उभे होते.

एका मुलाने विचारलं, "मास्तर, हे हिरवे तारे आपल्याला कधी दिसतील?"

मी दाराशी थांबले. मास्तरांनी मला बघितलं होतं. त्यांचे ओठ हलले, मग थांबले, आणि मग ते म्हणाले, "उन्हाळ्यात. दक्षिणेला बघायचं."

त्या दिवशी मी ठरवलं की शाळा गेली खड्ड्यात, ज्याने किंमत दिली त्याला तरी खरं मिळालं पाहिजे. या वैशाखात माझा फोटो चौकटीत बसवून मी कडावला दादाच्या घरी घेऊन गेले. दादा ओट्यावर बसला होता. त्याच्या बायकोने हात पुसून फोटो घेतला, उजेडाकडे धरला.

"आगं, ह्यो तर शाळंतलाच."

"तोच, पण हा खरा आहे," मी म्हणाले. "तुमच्यासाठी आणलाय."

तिने तो जवळ धरला, लांब धरला. "रंग उडाला काय गं ह्याचा? पावसात भिजला का?"

"उडाला नाही. तारे असेच आहेत. शाळेतल्या फोटोतले रंग मागाहून लावलेत. हिरवे तारे नसतात, काकी. ज्या संध्याकाळी तुम्ही राब थांबवलात ना, त्या संध्याकाळी आपण बघितलं ते हे आहे. तुम्हीच म्हणाला होतात, कणी सांडल्यागत."

"मी म्हनले?" ती दादाकडे वळली. तिला आठवत नव्हतं.

दादाने फोटो मांडीवर घेतला. बराच वेळ बोटाने काचेवरून ठिपके चाचपत राहिला, जणू रंग हाताला लागेल.

"म्हंजी झेंडा नव्हताच?"

"नव्हता."

"मास्तरांनीबी सांगितलं झेंडा हाय म्हनून. त्यांनीबी खोटं सांगितलं?"

मला माझ्या तोंडून ते म्हणवेना, आणि न म्हणूनही ते म्हटलं गेलं.

"मग आमचा राब भिजला तो ह्याच्यासाठी?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. "ह्या पिवळ्या ठिपक्यांसाठी?"

"हेच खरं आहे, दादा. यासाठीच थांबलात तुम्ही. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं."

"तू सांगितलंस," तो म्हणाला. "आमी काय समजलो त्ये तुला ठाव नाय." मग त्याने फोटो उलटा केला, मागची बाजू बघितली, आणि तो माझ्या हातात परत दिला. "ऱ्हाऊ दे, पोरी. शाळंतलाच बरा हाय. पोराला मी तोच दावलाय."

त्याच्या बायकोने मला ताक दिलं. मी प्यायले. कोणी रागावलं नव्हतं, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी फोटो पदराखाली घेऊन निघाले.

आत्याच्या घरापर्यंत वाट खाचरांच्या बांधावरून जाते. दादाच्या खाचरांत राब धुमसत होते, यंदा सगळेच पेटलेले होते, कोणी कोणासाठी थांबलं नव्हतं. अंधार झाला होता, वारा पडला होता आणि धूर कमरेपर्यंत साचला होता. डोळे चुरचुरायला लागले म्हणून मी बांधावर थांबले. दक्षिणेला आमचा साक्षीदार वर आला होता. निखाऱ्यासारखा लाल.